गृहस्थांची शिदोरी : कुत्र्यास एकाएकीं विषबाधा झाली असतां

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं तीन पत्रांचा विषय एकच होता. घरांतला कुत्रा सकाळीं खेळत होता. दुपारीं त्यास ओकाऱ्या होऊं लागल्या, अंगास कंप सुटला, आणि दिवस मावळण्याच्या आंत तो गेला, किंवा मोठ्या कष्टानें वांचला. तिन्ही पत्रांतील शेवटचें वाक्यहि जवळजवळ सारखेंच आहे : "कोणी तरी दुष्टाव्यानें विष घातलें असावें, दुसरें काय?" हें लिहितांना पत्रलेखकांच्या मनास किती क्लेश झाले असतील, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि हें "दुसरें काय?" उद्गार म्हणून न सोडतां प्रश्न म्हणूनच विचारलें, तर त्यास पुष्कळ उत्तरें मिळतात, आणि त्यांतील बरींचशीं शेजाऱ्याच्या दारांत नसून आपल्याच स्वयंपाकघरांत, माळ्यावर आणि औषधांच्या कपाटांत सांपडतात. तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

पूर्वीं कुत्रा हा अंगणांतला प्राणी असे. ओसरीची पायरी ओलांडण्याची त्यास मुभा नसे. उरलेली भाकरी आणि ताकाचें पाणी हें त्याचें अन्न. आतां तो दिवाणखान्यांत वावरतो, मुलांच्या हातचे घांस खातो आणि वाढदिवसाच्या केकचा भागीदार होतो. स्नेहाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. परंतु ज्या घरांत तो आला त्या घराचेंहि रूप पालटलें आहे. एके काळीं फडताळांत सुंठ, हळद आणि एरंडेल असे. आज तेथें रक्तदाबाच्या गोळ्या, वेदनाशामक औषधें, बिनसाखरेची मिठाई, उंदीर मारण्याच्या वड्या, झुरळांचें औषध आणि फरशी पुसण्याचें रसायन यांची दाटी आहे. कुत्र्याचें नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. पण तें खाद्य कोठें आहे एवढेंच सांगतें, तें घातक आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विषाचे स्थावर आणि जंगम असे दोन भेद सांगून, पहिल्याचीं दहा व दुसऱ्याचीं सोळा अधिष्ठानें मोजलीं आहेत. स्थावर म्हणजे मूळ, पान, फळ, फूल, चीक, खनिज इत्यादिकांतलें. जंगम म्हणजे प्राण्यांच्या दाढा, नख्या, नांग्या वगैरेंतलें. यांखेरीज निरनिराळ्या द्रव्यांच्या संयोगानें होणारें कृत्रिम विष शास्त्रकारांनीं वेगळें मानलें आहे. त्याच कल्पस्थानांत उंदरांच्या विषावर एक स्वतंत्र अध्याय आहे. आज मात्र उंदरांपासून होणाऱ्या विषापेक्षां उंदरांसाठीं आणलेल्या विषाचीच चिंता घरोघर अधिक आहे. काळ बदलला तरी विभागणी उपयुक्त आहे. कारण संकटाच्या वेळीं मनुष्याचें मन एकाच तर्काकडे धांवतें, आणि अशी यादी हाताशीं असली म्हणजे तें थोडें थांबतें.

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें तर्कशास्त्राचें पहिलें उदाहरण. पण धुरावरून लांकूड कोणतें जळत आहे, हें कळत नाहीं. ओकारी, लाळ आणि झटके हा असाच धूर आहे. त्यावरून विषाचा संशय येतो; विष कोणतें, हें ठरविण्यास तीन प्रश्न विचारावे लागतात : किती वेळांत झालें? आणखी कोणतीं लक्षणें आहेत? आणि गेल्या आठवड्यांत कुत्रा कोठें कोठें गेला होता? यांतला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

कांहीं मिनिटांत किंवा तीन-चार तासांत

शेतीचीं व बागेचीं कीटकनाशकें, विशेषतः सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट या वर्गांतलीं, फार झपाट्यानें काम करितात. तोंडांतून लाळेच्या धारा लागतात, डोळ्यांत पाणी येतें, लघवी व जुलाब आवरत नाहींत, डोळ्यांतली बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होते, स्नायू फडफडतात आणि श्वास घरघरतो. हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर पशुवैद्याची दिशा लवकर ठरते. अॅट्रोपीन हें त्यावरील प्रमुख औषध. गोचीड मारण्याचें औषध प्रमाणाबाहेर लावल्यानेंहि, किंवा लावलेलें औषध कुत्र्यानें चाटल्यानेंहि विषबाधा होते, हें विसरूं नये.

उंदरांसाठीं कणकेच्या गोळ्यांत घालतात ती काळपट भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटांतील आम्लाशीं तिचा संयोग झाला कीं फॉस्फीन नांवाचा विषारी वायु सुटतो. ओकारीस लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, अशा कुत्र्यास दूध-भात खाऊं घालूं नये. अन्नानें पोटांतील आम्ल वाढतें आणि वायुहि वाढतो. दुसरी, हा वायु शुश्रूषा करणारासहि बाधतो. म्हणून कुत्र्यास मोकळ्या हवेंत ठेवावें, गाडींतून नेतांना कांचा उघड्या ठेवाव्या आणि ओकारीवर वांकून वास घेऊं नये.

कुचल्याच्या बियांतलें स्ट्रिक्नीन 1818 सालीं पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं वेगळें काढलें. पुढें भटक्या कुत्र्यांचा संहार करण्यासाठीं त्याचा उपयोग होऊं लागला. 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यांत ह्या विषाचें नांव घेऊन तशा वधास क्रूरता ठरविलें आहे. या विषानें कुत्र्याचे चारी पाय काठीसारखे ताठ होतात, आणि दार वाजलें, दिवा लागला किंवा हात लागला कीं झटका येतो. अशा वेळीं अंधार व शांतता राखून त्यास न्यावें.

बिनसाखरेच्या कांहीं च्युइंग गममध्यें आणि मिठाईंत झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य असतें. माणसांस तें मानवतें. कुत्र्याच्या शरीरांत मात्र त्यामुळें इन्सुलीनचा एकदम पूर येऊन रक्तांतील साखर अर्ध्या-एक तासांत कोसळूं शकते. वजनाच्या दर किलोस सुमारें 0.1 ग्रॅम एवढेंहि त्यास पुरतें, आणि याच्या पांचपट मात्रेनें यकृत निकामी होण्याचें भय असतें. लडखडणें, गळून पडणें, झटके येणें हीं लक्षणें. मधुमेही आजोबांच्या उशाशीं अशी डबी असल्यास तिच्यावरील घटकांचीं नांवें एकदां वाचावीं.

बागेकडे वळावें तर कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयावर आघात करितात. शोभेसाठीं कुंडींत लावलेल्या सायकसच्या बिया ओकारीपासून आरंभ करून दोन-तीन दिवसांत यकृतावर येतात. पावसाळ्यांत अंगणांत येणारा मोठा भेक हें जंगम विषाचें उदाहरण. त्याच्या कानामागील ग्रंथींतून निघणारा चिकट रस कुत्र्याच्या तोंडास लागला कीं तत्काळ फेंस येतो. पुष्कळ खाल्ला गेल्यास हृदयाची गतिहि बिघडते. कुत्रा शुद्धीवर असेल तर त्याचें तोंड खालीं झुकवून वाहत्या पाण्यानें धुवावें, म्हणजे पाणी घशांत उतरणार नाहीं. बुरसटलेलें अन्न आणि खताच्या खड्ड्यांतील कचरा खाल्ल्यानेंहि थोड्याच तासांत सर्वांगास थरथर सुटते. बुरशीचें विष हें त्याचें कारण.

सहा तासांपासून दोन-तीन दिवसांत

चॉकलेटमधील थिओब्रोमीन माणसाच्या शरीरांतून लवकर निघून जातें. कुत्र्याच्या शरीरांत त्याचें प्रमाण निम्म्यावर येण्यास 17-18 तास लागतात. सहा ते बारा तासांत ओकाऱ्या, तहान, अस्वस्थता आणि छातीची धडधड दिसूं लागते. दहा किलो वजनाच्या कुत्र्यास दुधाचें चॉकलेट सुमारें 100 ग्रॅम, गडद चॉकलेट 30-40 ग्रॅम, आणि केकसाठीं वापरतात तें बिनसाखरेचें कडू चॉकलेट 15 ग्रॅमहि त्रास देण्यास पुरेसें होतें. चॉकलेट जितकें काळें व कडू, तितकें वाईट, एवढें सूत्र मुलांस पाठ करून ठेवण्यास सांगावें.

द्राक्षें, बेदाणे आणि मनुका यांची गोष्ट आपल्या घरांसाठीं विशेष महत्त्वाची. नाशिकचीं द्राक्षें आणि तासगांवचे बेदाणे आपल्या घरीं डबे भरून असतात. प्रसादाच्या शिऱ्यांत ते असतात, लाडवांत असतात. यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. एक कुत्रा मूठभर खाऊनहि सुखरूप राहतो, दुसरा थोड्यानेंच दगावतो, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. 2021 सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविलें; द्राक्षाची जात व पक्वता यांप्रमाणें या आम्लाचें प्रमाण कमी-अधिक असतें, त्यामुळें कोड्याचा बराच उलगडा होतो. हेंच आम्ल चिंचेंतहि विपुल आहे, आणि चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत. चिंचगुळाची आमटी ज्या घरीं नित्य होते, तेथें हें ठाऊक असलेलें बरें. पहिल्या दिवशीं ओकारी व मरगळ, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाणें, हा याचा क्रम.

माणसांचीं औषधें कुत्र्यास देणें हा स्नेहाच्या पोटीं होणारा अपघात. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतो म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलें जातें. पहिल्यानें यकृतास व रक्तास, दुसऱ्या दोहोंनीं जठर व मूत्रपिंडांस इजा होते. एका जीवाचें औषध दुसऱ्या जीवाचें विष कसें होतें, याचें ढळढळीत उदाहरण आपल्याच देशांत घडलें : गुरांस दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळें, तीं मेल्यावर त्यांचें मांस खाणारीं गिधाडें नष्टप्राय झालीं, आणि 2006 सालीं गुरांसाठीं त्या औषधाच्या वापरास सरकारास बंदी घालावी लागली.

तीन दिवसांनंतर

हा वर्ग सर्वांत फसवा. कारण व कार्य यांत इतकें अंतर पडतें कीं घरच्यांस पहिल्या गोष्टीचें स्मरणच राहत नाहीं.

कांदा आणि लसूण, कच्ची असो वा शिजलेली, पुरेशा प्रमाणांत पोटांत गेल्यास कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोस 15 ते 30 ग्रॅम कांदा हें घातक प्रमाण म्हणून सांगतात. हिरड्या फिक्या पडतात, लघवी काळपट तांबडी होते, कुत्रा धापा टाकतो. आणि हें सारें कांहीं दिवसांनीं दिसतें.

दुसरें, उंदीर मारण्याच्या रंगीत वड्या. त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेंत बिघडलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरत असत. 1933 सालीं विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी न गोठणारें रक्त भांड्यांत घेऊन तेथील विद्यापीठांतील कार्ल लिंक या रसायनज्ञाकडे गेला. त्यांतून पुढें वॉरफरीन निर्माण झालें. 1948 पासून तें उंदरांचें विष म्हणून विकलें जाऊं लागलें, आणि नंतरच्या दशकांत तेंच माणसांच्या रक्तांत गुठळ्या होऊं नयेत म्हणून औषध ठरलें. आज मिळणाऱ्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या याच वर्गांतल्या, पण त्यांचा परिणाम अधिक काळ टिकणारा. शरीरांतला जीवनसत्त्व 'के'चा सांठा संपेपर्यंत कांहींच कळत नाहीं. तीन ते पांच दिवसांनीं नाकांतून, हिरड्यांतून किंवा छातीच्या आंत रक्तस्राव सुरू होतो. वेळीं ओळखल्यास जीवनसत्त्व 'के-1' हा खात्रीचा उतारा आहे. तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो.

आमच्या परिचयाच्या एका वाड्यांत असेंच घडलें. कुत्र्याच्या नाकांतून रक्त येऊं लागलें. आठच दिवसांपूर्वीं त्याच्या भुंकण्यावरून समोरच्या बिऱ्हाडाशीं शब्दाला शब्द वाढला होता. तेव्हां सर्वांची नजर तिकडेच गेली. पशुवैद्यानें मात्र आजची गोष्ट न विचारतां गेल्या आठवड्याची विचारली. तेव्हां उलगडा झाला कीं, माळ्यावर ठेवलेल्या वड्यांपैकीं एक उंदरानेंच ओढून धान्याच्या पिंपामागें आणून टाकली होती. कुत्रा महिन्याभरांत बरा झाला. दोन बिऱ्हाडांतला अबोला सुटण्यास दुसरी संक्रांत यावी लागली.

विषासारखें दिसणारें, पण विष नव्हे

नाकांतून रक्त येणें हें गोचिडांपासून होणाऱ्या तापाचेंहि लक्षण आहे. पिलास रक्ताचे जुलाब होऊं लागले तर 1978 पासून जगभर पसरलेल्या पार्व्हो रोगाचा विचार आधीं करावा. वैशाखांत दुपारीं कोसळलेला कुत्रा उष्माघाताचा असूं शकतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याचें पोट जेवणानंतर फुगून तो कोरड्या ओकाऱ्या काढूं लागला, तर जठरास पीळ पडल्याचा संभव असतो, आणि त्यावर तांतडीच्या शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं. थोबाड किंवा पाय एकाएकीं सुजला तर घोणस, फुरसें किंवा नाग यांचा दंश शोधावा. मण्याराच्या दंशास मात्र सूज येतेच असें नाहीं. आणि सर्वांत मोठी सूचना ही : लाळ गळते, गिळतां येत नाहीं, आवाज बदलला आहे, वागणूक पालटली आहे, असें दिसलें तर तो पिसाळण्याचा रोग असूं शकतो. अशा कुत्र्याच्या तोंडांत हाडूक अडकलें असेल म्हणून कोणीहि हात घालूं नये.

काय करावें आणि काय करूं नये

प्रथम कुत्र्यास त्या जागेवरून दूर न्यावें आणि मुलांस व इतर जनावरांस तेथें जाऊं देऊं नये. घड्याळ पाहून पहिलें लक्षण केव्हां दिसलें तें कागदावर लिहावें. वेष्टन, उरलेली वडी, चावलेलें पान, औषधाची रिकामी पट्टी, जें सांपडेल तें हातमोजे किंवा पिशवी हाताला गुंडाळून उचलावें; ओकारीचें मोबाईलवर छायाचित्र घ्यावें आणि शक्य तर तिचा थोडा नमुना झांकणाच्या बाटलींत घ्यावा. कुत्र्याचें वजन ठाऊक असावें, कारण विषाची व उताऱ्याची मात्रा त्यावरच ठरते. एकानें हें करीत असतां दुसऱ्यानें पशुवैद्यास दूरध्वनि करावा. अंगास कीटकनाशक लागलें असल्यास हातमोजे घालून साबणानें धुवावें. एकत्र कुटुंबाचा एक मोठा गुण असा कीं, हीं कामें वांटून घेण्यास माणसें असतात. परंतु चौघांनीं चार उपाय सुरू केले तर तोच गुण दोष होतो.

मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये. त्या मिठानेंच कुत्रा दगावूं शकतो. दूध, तूप किंवा अंड्याचा बलक यांनीं विष उतरत नाहीं. कांहीं विषें स्निग्ध पदार्थांबरोबर उलट अधिक शोषलीं जातात. भांगेवर चिंचेचें पाणी देतात म्हणून तें येथें देऊं नये. कां, तें वर आलेंच आहे. रॉकेल, तीव्र आम्ल किंवा फिनेल पोटांत गेलें असतां, अथवा कुत्रा बेशुद्ध वा झटक्यांत असतां, ओकारी काढणें हें प्राणावर बेतणारें आहे. ओकारी काढावी कीं नाहीं, हा निर्णय पशुवैद्याचा. आपलें काम एकच : त्यास वेळ आणि पुरावा या दोन्ही गोष्टी मिळवून देणें.

दुष्टावा असल्यास

जगांत दुष्टावा नाहींच, असें आमचें म्हणणें नाहीं. एकाच रात्रींत गल्लींतलीं तीन-चार कुत्रीं सारख्याच लक्षणांनीं पडलीं, किंवा कुंपणाच्या आंत मांसाचे अथवा कणकेचे गोळे सांपडले, तर संशयास आधार आहे. अशा वेळीं पशुवैद्याकडून शवविच्छेदन करवून अहवाल घ्यावा आणि पोलिसांत तक्रार द्यावी. 1 जुलै 2024 पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमान्वयें प्राण्यास विष घालून नुकसान करणें हा पांच वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे. परंतु तक्रार हातांत पुरावा घेऊन करावी. ज्या शेजाऱ्याकडे अपरात्रीं गाडी मागावयाची, त्याच्यावरच ऐन घटकेस आरोप करीत बसलें तर वेळ जातो, आणि वेळेबरोबर जीवहि जातो.

येत्या रविवारीं घरांतल्या एका वडीलधाऱ्या माणसानें आणि एका मुलानें मिळून घर पालथें घालावें. उंदरांच्या वड्या कोठें कोठें ठेवल्या आहेत तें मोजून लिहून ठेवावें, औषधांचें कपाट उंचावर न्यावें, बेदाण्यांच्या डब्यांचीं झांकणें पाहावीं, आणि जवळच्या पशुवैद्याचा व रात्रीं उघड्या असणाऱ्या पशुरुग्णालयाचा क्रमांक दाराशेजारीं लावावा. या तपासणींत जें जें कुत्र्यास घातक म्हणून उचलून ठेवाल, त्यांतील पुष्कळसें रांगत्या मुलासहि घातक असतें. एका कामानें घरांतल्या दोन मुक्या जीवांचें रक्षण होईल.